आधी लोक हसले नव्हते

बाबल गेल्याचा फोन त्याच्या सुनेने केला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी सवयीने सांत्वनाचं काहीबाही बोलत राहिलो. पलीकडे फोन कधीच ठेवला गेला होता, हे मला नंतर कळलं. त्यानंतर काही दिवसांनी या पुरवणीकडून विचारणा झाली. मालवणात तंबूमध्ये जपानी चित्रपट दाखवणारा माणूस गेला, तुम्ही त्यांचे मित्र, जपानी चित्रपटांवर जन्मभर लिहिलंत, तेव्हा त्या खेळाचा तो गमतीदार किस्सा पुन्हा येऊ द्या... तो किस्सा मी अनेकदा लिहिला आहे आणि भाषणांतून सांगितला आहे. जपानी चित्रपटातली शांतता आमच्या कोकणी प्रेक्षकाला झेपली नाही, तो हसत सुटला आणि बाबलचा खेळ फसला, असा तो किस्सा. खेळ फसला एवढंच त्यातलं खरं आहे. बाकीचं मी रचलेलं आहे.

बाबल आचऱ्याचा, मी मालवणचा. हायस्कुलात एका बाकावर बसायचो. त्याचे वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. बाबल लहान असतानाच कौलं आणायला मंगळूरकडे गेलेलं ते गलबत परत आलं नाही. किनाऱ्याला साधी फळीही लागली नाही. प्रेत मिळालं नाही म्हणून त्याची आई कुंकू लावत राहिली. आम्ही सगळेच तिला आये म्हणायचो. गावाने आधी समजून घेतलं, नंतर तो विषयच टाळला. चैत्रात हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, असा पेच दरवर्षी बायकांना पडे. ती तो ओळखून त्या दिवशी आपणहून बहिणीकडे कट्टा गावी निघून जाई. तिला कोणी काही म्हणालं नाही, आणि घरात बाबलनेही कधी विषय काढला नाही.

मी बी. ए. करायला मुंबईला गेलो, बाबलने इकडे तंबू टॉकीज सुरू केलं. दिवाळीनंतर तंबू लागे आणि पावसाच्या तोंडावर उतरे. खाली वाळू, पुढे चार खुर्च्या, बायकांची बाजू वेगळी आणि मध्ये कनात. देवादिकांचे आणि मारामारीचे चित्रपट चालत. मुंबईत मी एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो होतो, आणि तिथे पहिला जपानी चित्रपट पाहिला. पाहिला म्हणजे काय, अर्ध्यात मला झोप लागली. दिवे लागले तेव्हा शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते, म्हणून मीही चष्मा काढून पुसला. दुसऱ्या वेळीही तेच. बाहेर चहा पिताना इतरांची मतं ऐकायची आणि पुढच्या आठवड्यात आपली म्हणून सांगायची, हे मात्र मला लवकर जमलं. मास्तर होऊन मालवणला परतलो तेव्हा पंचक्रोशीत जपानी चित्रपटांचा जाणकार मी एकटाच होतो. तपासणार कोण?

साठच्या दशकाच्या मध्यावर सोसायटीतल्या एका स्नेह्यामुळे एक लहान प्रिंट हाती लागली. ती गोव्यात दाखवून मुंबईला परत जाणार होती, मधले दोन दिवस आमचे. चित्रपटाचं नाव मी इथे देत नाही, त्या नावावर मी पुरेसा मिरवलो आहे. बाबल आधी हसला. "जपानी म्हणजे तलवारी आसत मा?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. दुपारी त्याच्या माडीवर खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही तो भिंतीवर लावून पाहिला. तलवार कुठेच नव्हती. समुद्रकाठचं गाव, मासेमारीला गेलेला नवरा परतलेला नाही, आणि त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच्या चपला उंबऱ्यापाशी नीट जुळवून ठेवते, सकाळी उचलते. एवढंच, पुन्हा पुन्हा. खालची इंग्रजी वाक्यं वाचून मी बाबलला अर्थ सांगत होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मेल्या, जरा गप रव. माका कळता." आणि त्याला खरंच कळत होतं. शेवटी ती बाई एका संध्याकाळी त्या चपला स्वतःच्या पायांत घालते आणि पुळणीवरून चालत पाण्यापर्यंत जाते. गोधडी काढायला उठलेला बाबल तिथेच पाठमोरा उभा राहिला. मग म्हणाला, "ही बाय आचऱ्याची आसा."

खेळाला तो आयेला घेऊन आला. जन्मात तिने सिनेमा पाहिला नव्हता. स्वतः सगळ्यांच्या देखत तिला बायकांच्या बाजूला बसवून तो मशीनपाशी आला आणि मला हळूच म्हणाला, "आवशीक हाडलंय. माका बोलूक जमला नाय ता ही बाय बोलात. तू फकत जेवडा वाचूचा तेवडाच सांग." लोकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून माईकवर मी अर्थ सांगायचा असं ठरलं होतं. एवढंच माझं काम होतं.

पहिलं रीळ संपलं, दुसरं लागलं. तंबू गच्च भरलेला होता आणि कोणी शिट्टी मारत नव्हतं, शेंगाही फोडत नव्हतं. पडद्यावरच्या बाईने चपला ठेवल्या, पुन्हा ठेवल्या, आणि त्या गर्दीतून आवाज म्हणून येत नव्हता. खुर्चीतल्या हेडमास्तरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कंटाळलेत, आता उठून जातील, आणि उद्या शाळेत माझी फजिती होईल. गप्प बसलेला माणूस कंटाळलेलाच असणार, कारण मुंबईत मी स्वतः कंटाळलो होतो. पडद्यावर पुन्हा संध्याकाळ झाली, बाई चपला घेऊन वाकली, आणि दशावतारात मधेच येऊन लोकांना हसवणारं पात्र असतं तसा मी माईकवर बोललो, "गो बाये, तो येवचो नाय आता. उचल ते चपला."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा तंबू हसला. मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं... मग मी थांबलोच नाही. बाई वाकली की काहीतरी बोलायचो, लोक हसायचे. तिच्या नवऱ्याने मुंबईत गिरणीत लागून दुसरं बिऱ्हाड केलंय, असंही मी सांगितलं. बायकांच्या बाजूने हसू येत नव्हतं, हे मला ऐकू येत होतं. बाबल मशीनपाशी होता. माईकचं बटण त्याच्या हाताशी होतं. त्याने ते बंद केलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटचं दृश्य हशातच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटच्या पेट्या न्यायला आचऱ्याला गेलो. आयेने नेहमीसारखी आंबोळी वाढली. ती ताट ठेवायला वाकली तेव्हा मला तिचं कपाळ दिसलं. मोकळं होतं. मी मान खाली घातली. ती सावकाश म्हणाली, "तू बरा केलंस, मास्तरा. इतकी वर्सा माका कोणी सांगल्यान नाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी आजवर कधीतरी त्यातून सुटलो असतो. एसटीच्या टपावर पेट्या चढवताना बाबल माझ्याशी फक्त दोरीबद्दल बोलला. मी तेव्हाही माफी मागितली नाही. योग्य शब्द शोधत होतो, असं स्वतःला सांगत राहिलो.

त्याऐवजी मी लेख लिहिला. 'जपानी चित्रपट आणि आपला प्रेक्षक' असं काहीतरी भारदस्त नाव होतं. त्यात अडाणी लोक आधी हसले आणि मग बिचाऱ्या निवेदकाला त्यांना सांभाळून घ्यावं लागलं. मुंबईच्या साप्ताहिकात तो छापून आला, गाजला, मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. पुढे मी ते चित्रपट मन लावून पाहिले, ते मला आवडायलाही लागले, पण वर चढायची पायरी तो खोटा लेखच होता. बाबल माझं सगळं वाचायचा. त्या लेखावर तो एकदाच बोलला, तेही वर न पाहता. "आधी लोक हसले नाय होते रे." पुढच्या वेळी दुरुस्त करतो, म्हणालो. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. मैत्रीही तोडली नाही. आये गेली तेव्हा खांदा द्यायला त्याने मला हाक मारली, याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

अलीकडे आम्ही त्याच्या घरी टीव्हीवर चित्रपट पाहायचो. त्याच्या मुलाने आणून दिलेल्या तबकड्यांमध्ये जपानी बऱ्याच असत. पडद्यावर शांतता पसरली की माझं तोंड आपोआप उघडायचं, काहीतरी समजावून सांगायला... आणि त्या आधीच बाबलचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. दृश्य संपलं की काढून घ्यायचा. शेवटच्या भेटीतही तो हात तसाच आला होता, फक्त हलका झाला होता.

तेराव्याला आचऱ्याला गेलो. जेवणं आटोपून माणसं पांगली होती. ओट्याच्या पायरीशी बाबलच्या चपला तशाच होत्या, टाचेशी झिजलेल्या, नीट जुळवून ठेवलेल्या. त्याची सून बाहेर आली, चपलांपाशी थांबली. "काका, हे उचलू काय? कोण कायच सांगणा नाय."

माझ्या जिभेवर शब्द तयार होते, नेहमीच असतात. मी पायरीवर बसलो. ती माझ्याकडे बघत होती, मी चपलांकडे. काही बोललो नाही. ती पदर सावरून पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. चपला आमच्या दोघांच्या मध्ये होत्या. आम्ही बराच वेळ तसे बसून होतो, आणि माझा हात माझ्याच गुडघ्यावर होता.