ताईच्या नावाने लॉगिन

माझ्या थोरल्या बहिणीला कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे अजिबात येत नाही. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तरी 'असू दे' म्हणून पिशवीत घेते आणि घरी आल्यावर माझी बोलणी खाते. या भिडेपायी एक दिवस तुझं वाटोळं होणार, असं मी तिला किती वेळा म्हटलं असेन. झालं खरं. आणि ते मलाच सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागलं.

ताई पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये कॉम्प्युटरवर होती. नाशिकहून रोज एसटीने जायची. द्राक्षाचे कंटेनर परदेशी निघाले की त्यांचे कागद, भाव, पॅकिंगच्या याद्या हे सगळं सर्व्हरवर चढवायचं, आणि तिकडच्या खरेदीदाराने ते उतरवून घ्यायचं, असं तिचं काम. बाबा गेल्यावर घर तिनेच ओढलं. मी इंजिनिअर झाले ती तिच्या पगारावर, आणि तिचं लग्न त्याच रेट्यात राहून गेलं. आता मी लहान कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. दोघीच राहतो.

गेल्या हंगामात तिथल्या शेठच्या खरेदीदाराला दुसऱ्याच व्यापाऱ्याचा निरोप गेला: यांच्यापेक्षा थोड्या कमी भावात आम्ही देतो. 'थोडं कमी' म्हणजे किती, हे भावाची फाइल बघितल्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं. शेठचं डोकं फिरलं. ताईच म्हणाली, "माझी बहीण हेच काम करते, तिला बोलवू का?" आणि मी गेले. आधी फाइल कुणी काढली ते शोधायचं, मग नवा, पक्का सर्व्हर लावून द्यायचा.

जुना सर्व्हर बघून मी कपाळावर हात मारला. साधं एफटीपी, फाइली पाठवायची जुनी पद्धत. पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. आणि अख्ख्या ऑफिसला मिळून लॉगिन एकच, ताईचं! ती तिथली पहिली कॉम्प्युटरवाली, म्हणून पहिलं लॉगिन तिच्या नावाने निघालं. मग डिस्पॅचचा माणूस आला, अकाउंटवाला आला, कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर आला, आणि सगळ्यांनी तेच वापरलं. आपल्याकडे वेगळा पासवर्ड मागणं म्हणजे पाहुण्यासमोर कपाटाला कुलूप लावणं. 'ताई, आपल्या-आपल्यात काय?' असं डिस्पॅचवाला म्हणाला, की ताई पासवर्ड सांगून वर चहाही मागवणार. तो माणूस आमच्या घरी जेवलेला आहे. ताईच्या डब्यातली भाकरी तर त्याने वर्षानुवर्षं खाल्ली.

लॉग उघडला, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं, काय घेऊन गेलं त्याची नोंदवही. भावांचं अख्खं फोल्डर उतरवून घेतलेलं, दुपारच्या जेवणाच्या वेळी, ऑफिसच्याच वायफायवरून. आणि नाव ताईचं. अर्थात ताईचंच, दुसरं नाव त्या मशीनला माहीतच नव्हतं!

मॅनेजर तेवढ्यात चहाला गेला होता. मी रूट होते, म्हणजे त्या मशीनवर सर्वेसर्वा. ती एक ओळ पुसायला मला कितीसा वेळ लागणार होता? काचेपलीकडे ताई बसली होती, खाली मान घालून टाइप करत होती. हात शिवशिवले माझे, खोटं कशाला बोलू. पण पुसली आणि उद्या कुणाच्या ध्यानात आलं, तर दोघी बहिणी मिळून चोर ठरलो असतो. मी ओळ तशीच ठेवली.

शेठने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी वाचून दाखवलं आणि लगेच सांगितलं, "हे लॉगिन सगळेच वापरतात, त्यामुळे नावावरून काहीच ठरत नाही." शेठने एकेकाकडे बघितलं. "कोणकोण वापरतं?"

अकाउंटवाला म्हणाला, मी तर ताईंनाच फाइल द्यायचो, त्याच चढवायच्या. सुपरवायझरने मान हलवली. डिस्पॅचवाला म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय साहेब? पासवर्डबिसवर्ड मला म्हाईतच नाय." आणि हे तो ताईच्या तोंडावर बोलला.

मी भडकले. म्हटलं, अहो, लाज वाटते का? ताईने माझा दंड धरला. शेठने विचारलं, "ताई, तुम्ही कुणाला पासवर्ड दिला होता का?" मला वाटलं, आता तरी ही बोलेल. तर बाई म्हणते काय, "कुणी फाइल काढली ते मी बघितलं नाही साहेब. मग उगाच कुणाचं नाव कसं घेऊ?"

झालं. आमचं आडनाव कळलं की काही लोक पुढचे प्रश्न मनातच विचारून घेतात आणि उत्तरंही मनातच देऊन टाकतात. त्या केबिनमध्ये तेच झालं, मला दिसलं ते. पोलिसात देत नाही हे उपकार समजा, असं शेठ बोलला नाही, पण चेहऱ्यावर ते होतं. "थोडे दिवस घरीच थांबा," एवढंच म्हणाला. त्याचा अर्थ तिथल्या झाडूवाल्या मावशींनाही कळला.

मी तिथूनच निघणार होते. घाला तुमचा सर्व्हर चुलीत, असं तोंडावर आलं होतं. एसटीत ताई म्हणाली, "काम अर्धवट टाकू नकोस. नाहीतर म्हणतील, चोरी पकडली म्हणून धाकटी पण पळाली." म्हणून मी पुन्हा गेले.

भाड्याने नवा सर्व्हर घेतला. साधं एफटीपी गेलं, त्याजागी एसएफटीपी आलं, ज्यात सगळं बंद पाकिटातून जातं. प्रत्येकाला वेगळं खातं. पासवर्डने प्रवेश बंद, प्रत्येकाची आपापली चावी, म्हणजे त्याच्याच कॉम्प्युटरवर राहणारी एक छोटी फाइल, आणि ती उघडायला त्याचा त्यानेच ठरवलेला परवलीचा शब्द. प्रत्येकजण आपापल्या फोल्डरमध्ये कोंडलेला, बाहेर डोकावायची सोय नाही. त्या कोंडलेल्या फोल्डरची मालकी रूटकडेच लागते, नाहीतर सर्व्हर त्या माणसाला दारातच हाकलतो. मॅनेजर हौसेने म्हणाला, "सगळ्यांना सगळं ओपन करून टाका ना, कटकट नको." मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा परत त्या खोलीत आला नाही. खाती बनवताना शेठ दारातून म्हणाला, "ताईंचं नका बनवू." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

डिस्पॅचवाल्याला चावी करून देताना मी त्याला नको नको ते बोलले. तो हसत राहिला.

घरी ताई शांत होती, आणि त्याचाच मला राग यायचा. पहाटे उठून ती पंचशील म्हणते, लहानपणापासून. ते शेजारच्या खोलीत मला ऐकू येतं. त्या दिवसांत, न दिलेली वस्तू घेणार नाही असं जे दुसरं शील आहे, तिथे तिचा आवाज अडायचा. मग पुढचं. एकदा मी आत जाऊन म्हटलं, अगं, तू चोर आहेस का? ती म्हणाली, "नाही, ते मला माहितीये गं. पण तिथल्या लोकांना तसं वाटतं, तेच जात नाही डोक्यातून." आणि मग रडली. बाबा गेले तेव्हा मला दिसू नये म्हणून मोरीत जाऊन रडायची ती. या वेळी माझ्यासमोर रडली.

पावसाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ताईचा फोन वाजला. हात मातीचे, म्हणून तिने स्पीकरवर टाकला. डिस्पॅचवाला!

"ताई, लय अडचण झालीय हो. ते चावीचं काय ते, तो शब्दच मी विसरलो. डाळिंबाची गाडी भरून उभी हाय, कागद जाईनात. तुमच्या बहिणीला फोन करायची भीती वाटती, शिव्या देती ती. मी तुमचं नाव न् तुमचा तो जुना पासवर्ड टाकून बघितला, तर तो पण घेत नाय."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. ताई म्हणाली, "सांगते तिला. देईल ती करून." आणि बोटाने फोन बंद केला.

"म्हणजे लक्षात होता त्याच्या," ती म्हणाली.

मी लॅपटॉप ओढला. नव्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ताजी ओळ होती: ताईच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न, पिंपळगावच्या ऑफिसच्या इंटरनेटवरून, आत्ताच. आणि ताई नाशिकमध्ये माझ्या शेजारी बसलेली! पासवर्ड माहीतच नाय म्हणत होता ना? चोर तोच, असं यावरून होत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण तिच्या नावाने दुसरा माणूस बसतो, हे तर आता लेखी होतं. मी त्या ओळीचा फोटो काढला, खाली सगळं सविस्तर लिहिलं, ताईला वाचून दाखवलं आणि शेठला पाठवलं. पाठवताना मला मोठमोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. ताईने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल दिसला.

शेठने लगेच वाचलं. उत्तर म्हणून एक अंगठा आला. नुसता अंगठा. त्याखाली, "डिस्पॅचचं लॉगिन तेवढं आज चालू करून द्या."

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, "अजून बघितलं नाही त्यांनी."