करकोच्यांचा वायरमन

धनसिंग राठोड कुणाच्याही घरात शिरले की त्यांचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जायचा. रामराम नंतर. दिवसाढवळ्या बल्ब जळताना दिसला की ते तो विझवायचे आणि मग खिडकीवरचं पोतं, कॅलेंडर, जे काही टांगलेलं असेल ते बाजूला सारायचे. "ऊन दारात उभं हाय अन् तुमी त्याला ताटकळत ठिवता. काहून?" एवढं विचारल्यावरच टेकायचे. साखऱ्याचे ते वायरमन. वायरमननंच दिवे विझवत हिंडावं, याची गाव थट्टा करायचं. त्या थट्टेत मीही सामील होतो, किंबहुना जरा पुढेच होतो.

मी तिथल्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, लोडशेडिंगनं गाव कावून गेलेलं. आमचा दहावीचा वर्ग पत्र्याच्या खोलीत भरायचा. वारं आणि शेळ्या आत येतात म्हणून कुणीतरी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या. त्यामुळे भर दुपारी बल्ब लावायचे आणि लाइट गेली की पोरं कोंबड्यांसारखी गप्प बसायची. राठोड एकदा फ्यूज बांधायला आले, वर पाहिलं आणि फ्यूज बांधून गेले. रविवारी गवंडी घेऊन हजर. खिडक्या फोडल्या, छपरातले दोन पत्रे काढून तिथं उजेड येणारे फायबरचे पत्रे बसवले आणि भिंतींना चुना स्वतः मारला. सोमवारी मी बल्ब न लावता हजेरी घेतली. आठ वर्षं मी त्या अंधारात सूर्याची गती शिकवत होतो, हे तेव्हा कुठं ध्यानात आलं.

त्याच सालच्या हिवाळ्यात एका सकाळी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून शाळेत आले. मेलेला करकोचा होता. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघालेली पांढरी पिसं, आणि पंखाचं टोक जळालेलं. हे पक्षी गावाबाहेरच्या पाझर तलावावर मुक्कामाला उतरत आणि दिवस उगवला की हरभऱ्याच्या रानांकडे जात. मधे राठोडांची लाइन होती. एवढे लांब पंख दोन तारांना एकदम लागले की संपलं. कुठून येतात हे, असं त्यांनी विचारलं. मी नकाशा टांगला आणि मंगोलियाच्या गवताळ मुलखापासून हिमालयावरून काठी खाली आणली. राठोड बंजारा तांड्यावरचे, त्यांचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूख तुडवत हिंडलेले. त्यांनी ती वाट बोटानं पुन्हा एकदा वरून खाली आणली.

"म्हंजे ह्यांचा बी तांडाच की, सर," ते म्हणाले. "मुक्कामाला उतरलेल्याला कुनी मारत नसतंय. इतके देश वलांडून आले अन् मरायचं आमच्या तारंवर?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवंच काम अंगावर घेतलं. दिवस उगवायच्या सुमारास फाट्यावरच्या खांबाचा लोखंडी दांडा ओढून लाइन बंद करायची, खांबाखाली उकिडवं बसायचं, शेवटचा थवा पलीकडे गेला की लाइन चालू. पाऊण तासाचा कारभार, तोही वरच्या कुणाला न विचारता. मात्र गावाला त्यांनी विचारलं होतं, घरोघर जाऊन. दरसाल भार वाढून डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळायची आणि गाव आठ-आठ दिवस अंधारात बसायचं. राठोडांचं म्हणणं साधं होतं. घरटी एकेक दिवा कमी करा, डीपी वाचेल, अन् वाचलेल्यातली पाऊण घंटा पाखरांना द्या. लोकांनी दिली. त्या वर्षी डीपी जळली नाही आणि तारेखाली पक्षीही पडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात लोडशेडिंग वाढलं. विहिरीवरच्या मोटारीला लाइट मिळायची ती सकाळचे काही तास. त्यातली पाऊण घंटा कापली की गव्हाचे कडेचे वाफे कोरडे राहायचे. लोकांची तकलीफ खोटी नव्हती. सरपंचांच्या ओसरीवर बैठक बसली. मी त्यांच्याच घरात भाडेकरू, त्यामुळे आपोआपच बैठकीत. मोटारीची तक्रार तर गावोगावची, तिला कोण विचारतं, असं ठरलं आणि सगळे माझ्याकडे वळले. "पोरांच्या अभ्यासाचं लिवा, सर," सरपंच म्हणाले. मी वीज मंडळाला अर्ज लिहिला. 'वायरमन लाइन बंद ठेवतात, त्यामुळे सकाळच्या जादा तासाला विद्यार्थी अंधारात बसतात.' माझं अक्षर चांगलं, भाषा त्याहून चांगली. तो वर्ग उन्हानं भरलेला असतो हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला सरपंचांच्या घरातली भाड्याची खोली सोडायची नव्हती, एवढंच कारण. मोठं कारण सापडलं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

चौकशीला वीज मंडळाचे साहेब आले ते नेमके जादा तासाला. लाइन बंद होती आणि छपरातून आलेला उजेड शेवटच्या बाकापर्यंत पसरला होता. दारात राठोड, फाट्यावरून बोलावून आणलेले, टोपी हातात घेऊन उभे. अर्जातली तक्रार खरी आहे का, असं साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "हो साहेब, मुलांना त्रास होतो." साहेबांनी छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. राठोडांनी वर बोट केलं असतं तरी पुरे होतं. ते फळ्याकडे पाहत राहिले.

न विचारता लाइन बंद केल्याच्या ठपक्यावर आठवड्यात त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. जाताना ते मला भेटले नाहीत, आणि मीही त्या दिवशी कामाचं निमित्त काढून हिंगोलीला गेलो. त्याच महिन्यात तारेखाली सात करकोचे पडले. ते पुरायला मी एकटाच गेलो. पुढच्या साली थवा लहान होता. आणखी दोन हिवाळ्यांनी तलावावर कुणी उतरलंच नाही.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्या तांड्यावर गेलो. ते रिटायर झाले होते, नजर जवळजवळ गेली होती. माफी मागायची म्हणून वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो. माझा आवाज ओळखून त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि मी माफीचा शब्द काढण्याआधी विचारलं, "करकोचे येतेत का हो, सर, अजून?"

मी सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती.

"येतात," मी म्हणालो. "पुष्कळ येतात."

त्यांनी चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग झालं की. तुमी उगंच मनाला लावून घेतलं आसंल इतके दिवस. तुमच्या अर्जानं कायबी बिघडलं न्हाई, सर."