बाबांचे वीस आकडे

आमच्या बाबांना गल्लीत सगळे वेल्डरकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात लोखंड जोडलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा भंगारातून एक जुनं लोखंडी कपाट उचलून आणलं. कप्पे कापून आत हुक लावलेल्या सळ्या बसवल्या, वर धूर जायला भोक पाडलं, खाली विस्तवाला जागा केली आणि ते मागच्या अंगणात उभं केलं. दर रविवारी त्यात तळ्यातल्या माशांना धुरी मिळते. आई म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस एवढा खूश दिसत नाही.

पद्धत ठरलेली. शनिवारी संध्याकाळी मासे साफ करून मिठाच्या पाण्यात घालायचे, सकाळी पुसून वाऱ्याला टांगायचे, कातडी बोटाला चिकटायला लागली की कपाटात. खाली सुताराकडचा भुसा. आणि आच? मी त्यासाठी एक तापमापक आणून दिला होता. तो अजून खोक्यात आहे. "मला हात आहे ना," असं म्हणून बाबांनी तो माळ्यावर टाकला. ते कपाटाच्या दारातून उजवा हात आत घालतात आणि मोजतात. विसाला हात मागे घ्यावासा वाटला की आच बरोबर. त्याआधी वाटला तर जास्त, वाटलाच नाही तर कमी, मग आणखी लाकडं सारायची.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं. मी पलीकडच्याच रस्त्यावर राहते, रविवारी जेवायला जाते. एका रविवारी बाबांनी दार उघडलं तर हुकांवर नुसती मुंडकी. धडं सगळी गळून विस्तवात पडलेली. बाबा बघतच राहिले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

खापर फुटलं ते आधी सुतारावर. त्याने भुशात प्लायवूडची भुकटी मिसळली म्हणे. सुतार बिचारा नवा भुसा चाळून घेऊन आला. पुढच्या रविवारी पुन्हा मुंडकी. मग मासेवाली शिळे मासे देते, मग आई मीठ कमी घालते. आईने मिठाचा डबाच त्यांच्यापुढे आदळला, "घ्या, तुम्हीच घाला!" त्यांनी घातलं. तरीही मासे पडलेच. मीही गोंधळून गेले. भुसा तोच, कपाट तेच, माणूस तोच, मग मासे का ऐकेनात?

"नीट मोजताय ना?" मी एकदा सहज विचारलं.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत होते. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, शेवटी शेवटी किल्ली खिशात ठेवून स्वतःच्याच दारात तासन् तास बसायचे आणि पोटच्या मुलाला "आपण कोण?" म्हणायचे. त्यांचंही सगळं बारीकसारीक चुकण्यापासूनच सुरू झालं होतं.

"वीस मोजतो ग मी," बाबा हळूच म्हणाले. "का मधले काही गाळतो? तुझ्या काकासारखं होतंय का माझं? खरं सांग." मी त्यांना वेड्यात काढलं, पण मनातून चांगलीच घाबरले.

पुढच्या रविवारी ठरलं, बाबांनी मोठ्याने मोजायचं आणि आम्ही दोघींनी ऐकायचं. त्यांनी हात आत घातला. एक, दोन, तीन. स्वच्छ मोजत होते, एकही आकडा गळत नव्हता. नऊवर आले तेव्हा आईला आत एक मासा हुकावरून सुटत आलेला दिसला. ती वाकली, त्यांच्या हाताशेजारीच हात घातला आणि "आई ग!" करून किंचाळली. बोटं तोंडात घालून ती मागे सरली.

"अकरा, बारा," बाबांचं चालूच होतं.

"अहो, हात काढा! भट्टी झालीय आत!"

"कुठे? कोमट तर आहे. तेरा..."

मी त्यांचं मनगट धरून ओढलं. तळवा लालबुंद झाला होता, सळईला टेकला होता तिथे कातडी फुगून वर आली होती. बाबा तळव्याकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. हाताला आच कळेना म्हणून ते लाकडं सारत राहिले होते आणि मासे शिजून हुकावरून गळत होते. आई म्हणाली, "गेल्या महिन्यात पायातली चप्पल रस्त्यात निसटली, तेही यांना कळलं नव्हतं. डॉक्टर बजावत होते, साखर सांभाळा, बधिरपणा येतो. ऐकतंय कोण!" आणि तिला रडू फुटलं.

 बाबांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू हसू पसरलं.

"म्हणजे मी बरोबर मोजत होतो?"

"हो बाबा."

"एकही गाळला नाही?"

"एकही नाही."

"बघ! डोकं शाबूत आहे माझं. हात गेलाय, नुसता हात!" आणि ते इतके मोकळे हसले, की शेजारीण गच्चीतून डोकावली. आई डोळे पुसत म्हणाली, की हात गेला म्हणून हसणारा माणूस तिने आजच पाहिला.

मी त्यांना नळाखाली नेलं, बराच वेळ हातावर पाणी सोडलं, मग मलम आणलं. मी हलकेच लावत होते. तरी माझं बोट सुटलेल्या कातडीला लागलंच.

"दुखलं का हो?"

"अजिबात नाही," बाबा आनंदाने म्हणाले. मला पुढे मलम लावता येईना.