रेझिनमधली वरमाळा

नणंदेच्या लग्नातली वरमाळा रेझिनमध्ये जपून द्यायचं मी स्वतःहून कबूल केलं होतं. नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी अशा फ्रेम करून विकते, म्हणून घरचंच काम बिघडेल असं वाटलं नव्हतं. फुलं छान सुकली होती. नेमका डिसेंबरचा गारठा पडला.

रेझिन आणि हार्डनर मापात मिसळले की त्यांची क्रिया होऊन मिश्रण काचेसारखं घट्ट होतं. आधी चार पाकळ्या घालून छोटा नमुना ओतला. एरवी दुसऱ्या दिवशी खडखडीत होतो. या वेळी बोट लावलं की चिकटायचं. पुढचे दोन दिवस तेच. त्यात नणंदेचा रोज फोन, "वहिनी, झालं का?"

नवरा म्हणाला, "थंडीमुळे होतंय. बाटल्या गरम पाण्यात ठेव."

ते बरोबरच होतं. तापमान वाढलं की क्रियेचा वेग वाढतो, हे बी.एस्सी.ला पाठ केलं होतं. बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या, खोलीत हीटर लावला आणि थराथरानं ओतायचं सोडून, एकदाचं उरकावं म्हणून, वरमाळा ठेवून अख्खा साचा भरला.

थोड्या वेळानं उग्र वास आला. साचा हाताला पोळत होता. ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरातून ती निघून जाते, जाड थरात कोंडते आणि वेग आणखी वाढवते. धूर यायला लागला तसा मी साचा फडक्यात धरून गॅलरीत नेला. तिथे माझ्यासमोर त्याला आडवा तडा गेला. गुलाब चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते.

"एवढं तापवलंस कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"तूच म्हणालास ना?"

"मी बाटल्या म्हणालो. हीटर कुठे म्हणालो?"

खरं बोलत होता, म्हणून जास्तच राग आला.

रविवारी नणंद आली. तडा गेलेली फ्रेम उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "एवढी घाई नव्हती गं वहिनी." रोजचे ते फोन आठवत मी चहा टाकायला उठले. तिनं चहा घेतला, फ्रेम न घेता गेली.

आता थंडीत मी ऑर्डर घेत नाही. लग्नं मात्र तेव्हाच असतात, आणि प्रत्येकाला फ्रेम आठवड्यात हवी असते.