मी पाहिला तो रंगीत पाणलावाच

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा मी कणीक मळत होते. आधी कोपऱ्यात काळी सावली दिसली, मग ती सरकत मधोमध आली. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून मला कितीतरी दिवस पालथं झोपवून ठेवलं, आणि सगळं करून डॉक्टर म्हणाले, "या डोळ्याने आता उजेड-अंधार कळेल. तेवढंच."

एक डोळा गेल्यावर नेमकं काय जातं, ते घरी आल्यावर कळलं. चहा कपाऐवजी बशीत पडायचा. दाराची कडी हाताला लागायची नाही. जिन्याची शेवटची पायरी संपली की अजून एक आहे, ते पायानेच चाचपावं लागे. घरातले सगळे माझ्याशी एकदम हळू बोलायला लागले. मुलगी इथेच, अमिरातीत जन्मलेली, कॉलेजात जाणारी. तिने टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं. नवरा भाजी चिरायला लागला. हे सगळं मी गोड मानून घेतलं. पण एके दिवशी माझी पक्षी पाहायची दुर्बीण जागेवर दिसली नाही. ती कपाटावरच्या बॅगेत गेली होती.

"सध्या राहू दे ना," नवरा म्हणाला. "एका डोळ्याने काय दिसणार?"

"दिसेल ते दिसेल," मी म्हटलं. "खुर्ची आणा, नाहीतर मी चढते."

मी चढणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खुर्ची आणली.

अल नहदा या वस्तीत आमच्या इमारतीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये हा खड्डा. त्याचा अर्धा भाग कोरडा, तिथे सुटीच्या दिवशी पोरं क्रिकेट खेळतात. उरलेल्या भागात कुठली तरी पाइपलाइन झिरपत असते, त्यामुळे बारा महिने पाणी साचलेलं आणि पुरुषभर उंच देवनळाचं गवत माजलेलं. कडेला चहाचे कागदी कप, तुटक्या फळ्या, एक गादी. नवऱ्याची गाडी ऑफिसला, जबेल अलीच्या रस्त्याला लागली की मी खाली उतरायची. कित्येक वर्षांचा नेम. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात, शेकाटे येतात, तुतवार येतात, धोबी शेपटी हलवत फिरतात. टिटव्या तर घरच्याच. लोकांना तो डासांचा अड्डा वाटे. माझ्यासाठी ते भंडाऱ्याच्या गावातलं, आमच्या शेताकडेचं तळं होतं, आकाराने लहान आणि वासाने जरा उग्र.

डोळा गेल्यानंतरचा हा हिवाळा वादळांचाच निघाला. एक पाऊस सुकतो न सुकतो तोच दुसरा. फोनवर इशाऱ्याची ती कर्कश घंटी वाजायची, कॉलेज ऑनलाइन व्हायचं, आणि खालच्या रस्त्यावर गाड्या होड्यांसारख्या चालायच्या. पावसाआधी वारा धूळ घेऊन यायचा. मी डोक्याला ओढणी गच्च बांधून, दुर्बिणीची उजवी नळी उजव्या डोळ्याला लावून उभी राहायची. अंतराचा अंदाज गेला होता, म्हणून पक्षी आधी कानाने शोधायला शिकले. मग मान हळूहळू फिरवायची. पूर्वी एका नजरेत जे यायचं, ते आता तुकड्या-तुकड्याने गोळा करावं लागायचं. पण येत होतं.

अशाच एका सकाळी, मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी, देवनळाच्या बुंध्याशी काहीतरी हललं. आधी वाटलं नेहमीचा पाणलावा असेल, लांब चोचीचा, तपकिरी रेघांचा. पण हा ठेंगणा होता. मान विटकरी. डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि ते मागे ओढलेलं, काजळ चुकून चुन्याने घातल्यासारखं. खांद्यावरून पांढरा पट्टा पोटाकडे उतरलेला. तो शेपटी वर-खाली करत दोन पावलं पुढे आला आणि परत आत गेला.

रंगीत पाणलावा. आणि इतकी गडद मान म्हणजे मादी. या पक्ष्यात मादीच देखणी असते, अंडी नर उबवतो. लहानपणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, तो मी इतक्यांदा पाहिलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण इथे, अमिरातीत? मी आयुष्यात इथे पाहिला नव्हता, कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. फोटो काढायचं सुचलंच नाही.

घरी येऊन पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दोन-चार अंगठे आले, आणि मग ज्येष्ठांचा फोन. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, वयाने मोठे, ग्रुपमधली कुठलीही दुर्मीळ नोंद त्यांच्या होकाराशिवाय पुढे जात नाही.

"वहिनी, फोटो आहे का?"

"नाही."

"मग साधा पाणलावा असेल हो. दिसतात तसे कधीकधी, लाइट कमी असला की."

"मी साधा पाणलावा ओळखते."

ते अगदी प्रेमाने म्हणाले, "राग मानू नका. पण आता तुमच्या डोळ्याचं ते... आपण असं करू, नोंद सध्या बाजूला ठेवू. तुम्ही तब्येतीची काळजी घ्या."

त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांनी मला आजारी ठरवलं. मी फोन ठेवला आणि भांडी इतकी आपटली की मुलगी खोलीतून बाहेर आली.

"आई, इट्स जस्ट अ बर्ड," ती म्हणाली.

"पक्ष्याचं नाही चाललंय हे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी पाऊस जो सुरू झाला तो सकाळ झाली तरी चालूच. बाल्कनीतून पाहिलं तर रस्ता नव्हता, नुसतं तपकिरी पाणी आणि त्यात बुडालेल्या गाड्यांची टपं. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं म्हणून लिफ्ट बंद. आम्ही बाराव्या मजल्यावर. नवऱ्याच्या ऑफिसने घरूनच काम करा म्हणून कळवलं होतं. दुपारी पाऊस थांबला, वारा मात्र तसाच होता. मी ओढणी बांधली, मुलीचे जुने गमबूट काढले.

"कुठे?" नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली.

"पाणी चढलंय. देवनळाचा बुंधा बुडाला असणार. तिला उघड्यावर यावं लागेल. आणि एकदा टँकर आले, पाणी उपसलं की खलास. जाईल ती."

"बारा मजले? त्या अंधाऱ्या जिन्याने? एका डोळ्याने?"

"पायांनी उतरणार आहे, डोळ्याने नाही."

मुलीने दारात हात आडवा धरला. "आई, प्लीज. यू विल फॉल."

"पडले तर उठेन," मी म्हटलं. "पण आज घरात बसले ना, तर उद्या तुम्ही म्हणाल तिथे बसेन, परवा तुम्ही म्हणाल तेव्हा उठेन. बाजूला हो."

तिने हात काढला. मी कठडा धरून उतरायला लागले. पायरी, पायरी, वळण. दोन मजले उतरले असेन, मागून चपलांचा आवाज आला. नवरा. ऑफिसचा शर्ट, खाली हाफ पँट, हातात टॉर्च.

"मीटिंग?" मी विचारलं.

"कॅमेरा बंद ठेवलाय," ते म्हणाले आणि माझ्या डाव्या बाजूने चालायला लागले. ती माझी न दिसणारी बाजू. आधार द्यायला त्यांनी हात धरला नाही. त्यांना काय कळलं होतं, मला ठाऊक नाही, पण धरला नाही.

प्लॉटपर्यंत पोहोचायला आम्ही भिंतीच्या कडेकडेने गेलो, पाणी गुडघ्याला लागत होतं. क्रिकेटची जागाही आता तळं झाली होती. शेकाटे लांब लाल पाय मोजून टाकल्यासारखे फिरत होते. वाऱ्याने दुर्बीण हलत होती, मी ती विजेच्या खांबाला टेकवली आणि कड शोधायला लागले. फळ्या, गादी, टिटवी, परत फळ्या. काही नाही. नवरा शेजारी उभा होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी कावळा आणि कबूतर सोडून तिसऱ्या पक्ष्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे दात वाजत होते, पण चला म्हणाले नाहीत.

आणि मग त्यांनीच हलक्या आवाजात विचारलं, "ते गादीच्या मागे काय आहे? चष्मा घातल्यासारखं?"

मी मान फिरवली. बुडालेल्या गादीच्या उंच राहिलेल्या कोपऱ्यावर ती उभी होती, पूर्ण उघड्यावर. विटकरी मान, पांढरं कडं, खांद्याचा पट्टा. वारा तिची पिसं उलटी करत होता आणि ती वाऱ्याकडे तोंड करून, शेपटी वर-खाली करत, पाय रोवून उभी होती. मी दुर्बीण नवऱ्याला दिली. त्यांनी ती बराच वेळ परत केली नाही.

"फोटो काढू?" त्यांनी विचारलं. फोन काढेपर्यंत ती उडाली, पाय लोंबकळत, आणि देवनळात गेली. फोटोत फक्त गादी आली.

रात्री ते स्वतःहून म्हणाले, "मी सांगतो तुझ्या त्या ज्येष्ठांना फोन करून. मी पाहिलंय ना आता."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलं म्हणून ते खरं होणार असेल तर नकोच."

मेसेज मात्र मी परत टाकला. पहिल्यासारखाच, एक शब्द मऊ न करता.

टँकर आले, दिवसभर घरघर करत पाणी ओढत राहिले. ज्येष्ठ आले ते त्यानंतर, मोठा कॅमेरा गळ्यात घालून. आले हे मी मान्य करते. चिखलात तासभर उभे राहिले. पाणलाव्याचा पत्ता नव्हता.

"वहिनी, कन्फर्म नाही करता येणार," ते शेवटी म्हणाले.

"नका करू."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटत नाहीये. मी पाहिला तो रंगीत पाणलावाच होता, मादी होती. तुमच्या यादीत नसली तर तुमची यादी अपुरी आहे."

ते हसले, जरा ओशाळून. मग कॅमेरा आवरायला लागले. मी त्यांना म्हटलं, इतक्या लांबून आलात तर पलीकडच्या कडेला तुतवारांचा थवा उतरलाय, तो तरी बघून जा. आणि मी पुढे निघाले, कारण चिखलातून तिकडे जायची वाट त्यांना ठाऊक नव्हती.