बारा कॉलमांत पाचवी बसत नाही

भोरला पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. खाली दळण सुरू झालं की वर कीबोर्डवर पीठ बसतं. किस्सेही तसेच. मी गोळा करायला जात नाही, लोक आपल्या पायांनी जिना चढून आणून टाकतात. वर विचारतात, "आक्का, झाडू मारत न्हाई का?" मारते की! पण एखादं संचालक मंडळ येऊन गेलं की पुन्हा थर!

यंदा आलं ते भात उत्पादक गटाचं मंडळ. चौघं. दारातच पहिला प्रश्न, "साहेब कुठायत?"

"कुठले साहेब?"

"वेबसाइट बनवणारे."

"ते अजून जन्माला यायचेत. तोवर मी बघते."

हे काम मी केस पांढरे झाल्यावर शिकले. मोबाईलवर व्हिडिओ, मांडीवर डिक्शनरी. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी चुकीचंही शिकवलं नाही. चौघांना हे पटायला दोनदा चहा लागला. माझाच!

ओळख करून देते. अध्यक्ष तात्या, भोरचे, भाषण करतात. बापू, सारोळ्याचे, हायवेला ढाबा आहे. दत्तोबा, मार्गासनीचे, शेळ्या पाळतात. चौथा तात्यांचा मेहुणा. तो काय करतो? मेहुणा असतो.

नवं भात निघायच्या आत वेबसाइट सुरू करायची आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट तांदूळ विकायचा, असं ठरलेलं. भात पिकवतं कोण, हा विषय मीटिंगमध्ये निघाला नाही.

•

मी समजावून सांगितलं, "शेतात वाफे पाडतो तसे पानाला बारा उभे कॉलम पाडायचे. ह्याला ग्रिड म्हणतात. तुम्ही चौघं, प्रत्येकाच्या फोटोला तीन कॉलम. लॅपटॉपवर चौघं एका ओळीत दिसाल. मोबाईल अरुंद, तिथं एकाखाली एक."

"बाराच का?" मेहुण्यानं विचारलं. वर्षभरातलं त्याचं तेवढंच काम.

"दोघं असोत, तिघं, चौघं नाहीतर सहा, बाराची सारखी वाटणी होते. केळीवाल्याला विचारा."

वाटणी कळली. पण 'एकाखाली एक' म्हटल्यावर चौघांचे चेहरे बदलले.

"म्हंजे वर कोन?" बापूंनी विचारलं.

झालं! तांदळाचा भाव राहिला, टेम्पो राहिला, सगळं राहिलं. मोबाईलमध्ये वर कोण, ह्याच्यावर पुरी मीटिंग! शेवटी तात्या म्हणाले, "मला मोठेपणाची हौस नाही. पण अध्यक्ष वर असतो. जगाची रीत आहे."

जगाला बिचाऱ्याला कुणी विचारलं होतं?

•

बापूंच्या ढाब्याचं एक जुनं पान होतं. कुणा हुशारानं लॅपटॉपच्या मापानं शिवलेलं. मोबाईलवर ते मावायचंच नाही, आणि फोन नंबर अगदी उजव्या टोकाला! गिऱ्हाईक गाडीत बसून बोटानं पान सरकवतंय, सरकवतंय... नंबर दिसेपर्यंत गाडी नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात!

"बापू, आता कळलं, गिऱ्हाईक कुठं जातं ते?"

"मला वाटलं, भाजी तिखट हुती."

"ती पण आहे!"

•

दत्तोबांची तऱ्हा निराळी. दोन कॉलमांमध्ये मी थोडी मोकळी जागा ठेवते. डोळ्याला बरं वाटतं. दत्तोबांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"ही पट्टी कुनाची?"

"कुणाचीच नाही. बांध समजा."

"बांध समाईक असतू. निम्मा माजा. तितं माज्या बोकडाचा फोटू घाला!"

"दत्तोबा, हे पान तांदळाचं आहे."

"मग बोकड काय भातासंगं खात न्हाईत व्हय?"

कबूल करते, आवडलं मला!

•

मग एक दिवस हिर्डोशीहून हिराबाई आली. अर्धी वाट पायी, अर्धी एसटीनं. गटाचं जवळजवळ सगळं भात हिच्या आणि हिच्या सोबतिणींच्या खाचरांतलं. बी राखण्यापासून झोडणीपर्यंत सगळं त्याच करतात. संचालक नंतर येतात, फोटोला.

"आक्का, गेल्या साली पिशवीवर तात्यांचं त्वांड छापलं," ती म्हणाली. "म्या गप बसले. औंदा पानावर आमचं त्वांड न्हाई दिसलं, तर भात गटाला न्हाई. व्यापारी दारात हुबा हाय."

आवाज चढवला नाही बाईनं. चहा पिऊन निघून गेली.

मी तात्यांना बोलावलं. मेहुण्यासकट आले.

"आक्का, तुम्हीच शिकवलंत," तात्या म्हणाले. "बाराची वाटणी चौघांत होते, पाचांत होत नाही. गणितच आहे, आम्ही काय करणार?"

बघा! माणूस जन्मात एक गोष्ट शिकला, आणि ती कशासाठी वापरली!

"मग तिला खालच्या ओळीत घालते."

"खाली एकटी बाई? बरं नाही दिसत."

"मग वरच्या ओळीत."

तात्या खदखदून हसले. "घाला की! बाराच्या बारा कॉलम देऊन टाका! फक्त आमची ओळ मोडू नका."

मेहुणाही हसला. मालक हसले की त्याला हसावं लागतं.

मी हिराबाईला फोन लावला. "बारा कॉलम मिळाले गं. फोटो पाठव."

"एकलीचा नगं, आक्का. लावणीला आमी बारा जनी असतो."

बाराही जणींचे फोटो आले. मी ओळीनं मांडले, एकीला एक कॉलम. खाली चौघं संचालक, तीन-तीन कॉलमांचे, ऐसपैस.

तात्या मंजुरीला आले. माझ्या मोठ्या स्क्रीनसमोर बसले, चष्मा सारखा केला.

"ह्या बाया फारच बारीक दिसतात, नाही का?"

"हो, बोटाएवढ्या."

"असू द्या, असू द्या. झकास झालंय!"

"मोबाईलवर बघता का एकदा?"

"मोबाईलवर काय निराळं असणार? लावा!"

लावलं. हिर्डोशीचा भाताचा टेम्पो गटाच्या गोडाऊनला येऊन उभा राहिला. पुण्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या. तात्या एका लग्नाला गेले होते. तिथं पाहुण्यांना मोबाईल काढून दाखवायला गेले असावेत. तिथूनच त्यांचा फोन आला, मागे सनई ऐकू येत होती.

"आक्का! अहो, मी कुठाय?"

"खाली या, तात्या."

"आलो. इथं हिराबाई आहे. पूर्ण स्क्रीनभर!"

"अजून खाली."

"इथं पण बाईच!"

"बरोबर चाललाय. खाली या."

"आक्का, पाहुणे बघतायत... ही इरलं घेतलेली कोण?"

"त्या सुंदराबाई. नमस्कार करा, आणि खाली या."