बुलडोझरच्या पोटातला बर्फ

नवऱ्याने कबुली दिली ती गाडीत, ग्लेन वेव्हर्ली हे आमचं उपनगर मागे पडून बराच वेळ झाल्यावर, म्हणजे मी रागावून उतरून जाण्याची सोय उरली नव्हती तेव्हा. मेलबर्नचं लांबलेलं लॉकडाऊन नुकतंच उठलं होतं आणि आम्ही डोंगरातल्या आमच्या छोट्या प्लॉटवर निघालो होतो. याआधी तिथे गेलो होतो ते हिवाळ्याच्या तोंडावर. तेव्हा शेजारचा म्हातारा खुब्याच्या ऑपरेशनसाठी गावात मुलीकडे राहायला गेला होता. त्याचा जुना बुलडोझर शेडबाहेर उघड्यावर उभा होता. नवऱ्याने सहज डोकावून पाहिलं तर रेडिएटर कोरडा ठणठणीत आणि खालचा पाणी सोडायचा कॉक उघडा. त्याला वाटलं, बिचाऱ्याचं लक्ष नाही. त्याने कॉक घट्ट बंद केला आणि टाकीचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरून ठेवलं. मला सांगितलंही नाही, कारण म्हणे उपकार बोलून दाखवायचे नसतात.

नवरा बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. पुण्यात वाढलेल्या त्याच्यासारख्या माणसाच्या लेखी रेडिएटरमध्ये पाणी घालणं हे पुण्यकर्म. पाणी गोठलं की फुगतं, हे तो शाळेत शिकला होता, पण ते बुलडोझरलाही लागू पडतं हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याने पाणी मुद्दाम काढलं होतं आणि कॉक मुद्दाम उघडा ठेवला होता. बाकी त्या यंत्राकडे तो वर्षानुवर्षं ढुंकून बघत नसे, पण थंडीआधी पाणी काढायला कधी चुकत नसे. हे मी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा पार उतरला. आमच्या त्या फेरीनंतर शहर बंद झालं आणि अख्खा हिवाळा तिकडे कोणी फिरकलं नाही.

प्रश्न एका बुलडोझरचा असता तर मी नवऱ्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण आदल्या उन्हाळ्यात वणवा समोरच्या कड्यापर्यंत आला होता. मुलगी म्हाताऱ्याला म्हणत होती की यंदा घर बंद करून माझ्याकडे या. त्याने तिला उत्तर दिलं होतं की बुलडोझर चालला तर घराभोवती जाळरेषा काढीन, म्हणजे झाडोरा खरवडून मोकळा पट्टा करीन, आणि इथेच राहीन. नाही चालला तर घराला कुलूप. या वयात लावलेलं कुलूप पुन्हा उघडत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

नवऱ्याचं म्हणणं, आधी तपासू, मग सांगू. मी त्याला गाडीतून उतरल्या उतरल्या, मुलीकडून नुकत्याच परतलेल्या म्हाताऱ्यासमोर उभं केलं. त्याने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं, बुलडोझरकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "तुला यातलं कळतं?"

"कळतं," मी म्हटलं.

यात नम्रता दाखवण्यासारखं काही नव्हतं. पुण्यात मी डिझेल इंजिनांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. इथे आल्यावर लोकल एक्स्पीरियन्स नाही म्हणून एका गोदामाच्या ऑफिसात ऑर्डरी टाइप करत बसले, पण म्हणून इंजिन काही विसरले नव्हते.

इंजिनाच्या बाजूला गवतात दोन टोपणं पडलेली सापडली. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, ओतताना राहिलेली भोकं बंद करायला अशी पत्र्याची टोपणं बसवतात. बर्फाने ती बाहेर ढकलली होती. नवरा एकदम खूश. टोपणं उडाली म्हणजे ब्लॉक वाचला, असं त्याने मोबाईलवर वाचलं होतं. मी त्याला सांगितलं की टोपणं काही त्यासाठी नसतात. कधी उडतात, कधी टोपणं जागच्या जागी राहून ब्लॉक फुटतो, आणि कधी दोन्ही होतं.

मग मी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट हळूहळू सैल केला. तेलात पाणी उतरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. बाहेर आलं ते काळंकुट्ट तेल, आणि नुसतं तेलच. म्हणजे आतली बाजू शाबूत होती. नवीन टोपणं आणून ठोकली, पाणी भरलं, हातपंपाने दाब दिला. दाबाचा काटा चढला आणि सावकाश उतरायला लागला, म्हणजे कुठेतरी गळती होती. ब्लॉकची बाजू ब्रशने घासली, कोरडी केली, त्यावर टाल्कम पावडर उडवली आणि वाट पाहिली. पावडरीत वीतभर लांबीची ओली रेघ उमटली.

नवरा ती रेघ पाहून "संपलं" म्हणाला. मला मात्र हायसं वाटलं, कारण तडा बाहेरच्या भिंतीला होता आणि तिथे हात पोचत होता. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, वेल्डिंग करायला गेलं तर तडा वाढतो. त्यापेक्षा तड्यावर एकमेकांना लागून भोकं पाडायची, त्यांत आटे पाडायचे आणि आट्यांच्या पिना पिळून बसवायच्या, म्हणजे टाके घातल्यासारखा तडा बंद होतो. कारखान्यात हे काम मी शेजारी उभं राहून करून घेतलं होतं. इथे स्वतःच्या हाताने केलं. पुढचे शनिवार-रविवार त्यातच गेले. नवरा न कुरकुरता दिवा धरून उभा राहायचा. शेवटी पुन्हा दाब दिला तर काटा जागचा हलला नाही. न गोठणारं कूलंट भरलं, नवी बॅटरी जोडली, आणि काळा धूर ओकत इंजिन चालू झालं.

म्हातारा त्या आवाजावर हसला. "म्हणजे मी राहू शकतो," तो म्हणाला.

नवरा माझ्याकडे आशेने बघत होता. माझ्या एका होकाराने त्याची चूक धुऊन निघणार होती, आणि तो होकार मलाही द्यावासा वाटत होता.

"जाळरेषा काढा, घरात राहा," मी म्हटलं. "पण आग येईल त्या दिवशी या इंजिनाच्या भरवशावर थांबायचं नाही. आज चालेल, उद्या चालेल. त्या दिवसाची खात्री मी देत नाही. त्या दिवशी सकाळीच निघायचं."

त्याला ते आवडलं नाही. चांगलं चालू तर आहे, असं पुटपुटत तो सीटवर चढला आणि आमचा निरोप न घेताच कामाला लागला. परतीच्या वाटेवर मला एकच घोर लागला होता. त्याने माझं सोयीचं तेवढं अर्धंच ऐकलं असेल, तर माझ्यामुळेच तो तिथे थांबेल.

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, तो दिवस आला. भट्टीसारखा वारा सुटला आणि त्या भागाला सकाळीच वणव्याचा इशारा मिळाला. मी घरूनच काम करत होते, पण काम कसलं, म्हाताऱ्याला फोनच लावत बसले होते. रिंग वाजायची आणि थांबायची. त्याच्या मुलीचा नंबर आपण घेतला नाही, याबद्दल मी स्वतःला शिव्या घातल्या. पहिल्यांदाच वाटलं, इंजिन फुटलेलंच बरं होतं.

दुपारी त्याचाच फोन आला. मागे मुलीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"सकाळी पहिल्याच फटक्याला चालू झालं, मेट," तो म्हणाला. "बंद केलं आणि निघून आलो. तू सांगितलं होतंस ना."

मी ओट्याला टेकून रडायला लागले. नवरा आतल्या खोलीतून मीटिंग सोडून धावत आला आणि घाबरून विचारू लागला, काय झालं, इंजिन गेलं का.

"इंजिन उत्तम आहे," मी म्हटलं. "तरी तो निघाला."